चटई झटकली तेव्हा

तारावा बेटावर, पहाटे,
नेई तेरेउआ झोपायची चटई झटकते.
केवड्याच्या पानांची, स्वतः विणलेली,
कडेला एक चूक राहून गेलीय, ती फक्त तिलाच दिसते.
दोन कोपरे मुठीत, एकच हिसका,
आणि एक वळी उठते, धावत सुटते,
पार दुसऱ्या टोकाला जाऊन फुटते.
वाळू उडते.
चटई हातातच.

एवढं लक्षात ठेवा,
पुढे लागेल.

यंदा समुद्राचं अंग
ताप न उतरणाऱ्या पोराच्या कपाळासारखं.
बुएरेती रात्री जाळं टाकून येतो, म्हणतो,
पाय पाण्यात घातला तरी घातल्यासारखा वाटत नाही.
तेरेउआ हसते. तिला काय,
तीन कोरड्या वर्षांनंतर टाकी भरून वाहतेय,
अळूच्या खड्ड्यात गोडं पाणी चढलंय,
पत्र्यावर पाऊस इतका
की भांडायचं तरी खाणाखुणांनी.
शेजारीण म्हणते, देव पावला.
नाही कोण म्हणेल?

ढग किती उंच गेले ते मात्र खालून दिसत नाही.
पाण्याने तापवलेली हवा
चौदा-पंधरा किलोमीटर चढते,
वर छताला टेकल्यासारखी पसरते,
आणि आभाळाला हिसका बसतो.
एक फुगवटा, मागे एक खळगा, पुन्हा फुगवटा,
वळी निघाली दक्षिणेला,
जिथे एका बोटीचाही दिवा नाही अशा पाण्यावरून,
कमान घेत,
खालच्या माशांनाही पत्ता न लागू देता.
तारावाची हवा तारावालाच राहिली,
तेरेउआच्या केसांतलं खोबरेल, चुलीचा धूर, सगळं तिथेच.
गेला तो हिसका.

तिकडे ऑगस्ट म्हणजे रात्र.
पश्चिम अंटार्क्टिकावर माणूस नाही, कुत्रं नाही,
बर्फात रोवलेला एक लोखंडी खांब,
वर तापमापक, वाऱ्याची भिंगरी,
आणि तासाला एक आकडा गिळणारा डबा.
उणे एक्केचाळीस.
उणे एक्केचाळीस.
उणे बेचाळीस.
सोळा तारखेला किनाऱ्याबाहेर
जड हवेचा डोंगर येऊन बसला
आणि त्याच्या कडेकडेने ओला वारा आत शिरला.
उणे तीस.
उणे बावीस.
उणे एकोणीस.
अरे, दार कुणी उघडं टाकलं,
असं ओरडायला तिथे घर तरी कुठे होतं.

डिसेंबरात एउलोहियो आला.
पुंता अरेनासचा मेकॅनिक, डावा गुडघा दुखरा,
हा खांब त्यानेच पुरलेला.
छातीपर्यंत बुडालेला तो त्याने फावड्याने उकरला,
डबा उघडला, तार जोडली.
पडद्यावर रेघ सपाट, सपाट, सपाट,
मध्येच बैलाच्या वशिंडासारखी वर.
सेन्सर गेला, तो म्हणाला.
मिलाराय बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली,
ऑगस्टमध्ये विषुववृत्तावरचं पाणी किती तापलं होतं?
बाई, माझ्या घरच्या टाकीतलं विचार,
तेही मला माहीत नाही.
तरी त्याने सेन्सर काढला, तपासला, घासला,
हातात धरून पाहिला.
ठणठणीत होता.
पुन्हा बसवला. जेवताना तो फारसा बोलला नाही.

इथे संपवायला हरकत नव्हती.
पण मला राहून राहून तो खड्डा आठवतो,
तेरेउआच्या सासऱ्याने प्रवाळ फोडून खणलेला,
ज्यात कमरेएवढं अळू उभं आहे.
हिसका जायला पंधरवडा पुरला.
बर्फ सावकाश असतो,
त्याचं उत्तर पाण्यातूनच येणार,
आणि पाण्याला तिचा पत्ता माहीत आहे.

फेब्रुवारीतली मोठी भरती ओसरल्यावर
ती खड्ड्यात उतरते.
एका पानाची कड पिवळी.
बोट बुडवून जिभेला लावते.
पुन्हा लावते.
वर उभा तिमाऊ विचारतो, काय गं?
काही नाही, ती म्हणते,
तू शाळेला जा.