साडेनऊशे रुपये

ईस्ट स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
दुबाशबाईंनी पलंगाखालून लांब पेटी ओढली
आणि जुन्या सदऱ्यात गुंडाळलेली ती
माझ्या दोन्ही हातांवर ठेवली.
सोराब गेला, मी हिला काय करू, म्हणाल्या,
साडेनऊशे दे नी घेऊन जा, दीकरा.

साल एकोणसत्तर. एप्रिल असावा,
गॅलरीत कैरीच्या फोडी वाळत होत्या.

मॅनलिखर. नळीच्या टोकापर्यंत अक्रोडाचं लाकूड,
बोल्टची मूठ चपटी, लोणी लावायच्या सुरीसारखी.
मागे ओढली तर आवाज नाहीच,
फक्त बोटांना कळलं की काहीतरी सरकलं.
मी खडकीच्या कारखान्यात काडतुसं तपासायचो,
दिवसाला हजारो, बुडाकडून, भिंगाखाली.
दस्ता खांद्याला लावून
समोरच्या छपरावरच्या कावळ्यावर नेम धरला तेव्हा वाटलं,
आपण इतकी वर्षं नुसत्या अक्षता मोजल्या,
लग्न पाहिलंच नाही.

विचार करून सांगतो, म्हणालो.
आमच्या पेठेत याचा अर्थ नाही असा होतो.
त्यांना ते माहीत नव्हतं. आठवडाभर थांबल्या.

त्याच आठवड्यात व्हेस्पाचा नंबर लागला,
सहा वर्षांपूर्वी नोंदवलेला.
शरयू म्हणाली, बंदुकीवर डबलसीट बसता येतं का?
याला अजून उत्तर सापडलेलं नाही.

परत गेलो तर पलंगाखाली चपला होत्या.
वानवडीच्या कुणा मथायसने नेली, रोख देऊन.
तू लेट केला नी, म्हणाल्या,
आणि मागे राहिलेली तेलाची पितळी कुपी
माझ्या खिशात घातली.

तसं पाहिलं तर सुटलोच.
तीन वर्षांत कायदा आला, शिकार बंद.
परवान्यासाठी कलेक्टर कचेरीत खेपा,
दर निवडणुकीला ती चौकीत जमा करा,
पावती जपा, मुदतीत सोडवून आणा.
आणि मी मारणार काय होतो?
घरात झुरळ मारायला शरयू लागते.

इथपर्यंत ठीक आहे.

पण एकाहत्तरच्या डिसेंबरात
शरयूला सासवडला, माहेरी सोडून परतत होतो.
युद्धाचे दिवस, कारखान्यात डबल ड्यूटी,
हेडलाइट वरून अर्धा काळा रंगवलेला.
दिवे घाटाच्या माथ्यावर, वळणात
चिंकारा उभा होता. नर.
शिंगांवरची वळी मोजता यावीत इतका जवळ.
गाडी बंद पडली. आम्ही दोघंही हललो नाही.
आणि ब्रेकच्या दांडीवरची माझी तर्जनी
आपणहून वाकली,
सावकाश, हिसका न देता,
जशी वाकवायची असते तशी.
मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

तो गेल्यावरही
उतारावरून खडे घरंगळत राहिले बराच वेळ.

ऐकणारे म्हणतात, बरं झालं, पाप टळलं.
कुणाचं?
त्या महिन्यात माझ्या भिंगाखालून गेलेली काडतुसं
कुठे गेली, कुणात गेली,
मला कुणी कळवलेलं नाही.
मी त्यांना पास करत होतो, बस.
हळहळ शिकारीची नाही.
दस्ता खांद्याला, समोर तो, बोट अर्धं वाकलेलं,
तिथून पुढे मी काय केलं असतं
हे मला साडेनऊशे रुपयांत कळलं असतं.
आता कुठल्याच किमतीला मिळत नाही.

त्र्याऐंशी चालू आहे.
व्हेस्पा भंगारात देऊनही जमाना झाला.
कुपीत तळाला थोडं तेल आहे, जपून वापरतो.
काल शिवणयंत्राला दोन थेंब दिले,
उरलेला एक बाथरूमच्या बिजागरीला.
शरयू म्हणाली, दार वाजायचं तेच बरं होतं,
रात्री तुम्ही उठलात की कळायचं.