लेट

शब्दकोशात त्याला चार ओळी पुरतात:
वेळेनंतरचा, उशिराचा, रात्रीच्या सुमाराचा,
आणि तळाशी, बारीक टायपात, दिवंगत.
माझाबुकात कोणी विचारलं
तर वाचायला तळापासून सुरुवात करतात.

एस्किल नवा होता.
नॉर्वेहून आलेला गणिताचा मास्तर,
इंग्रजी पुस्तकातून शिकलेला, घड्याळाचा पक्का.
पालकसभेला त्यानं लुयांडोला विचारलं,
"आई कुठंय तुझी?"
"शी इज लेट, सर."
"हरकत नाही," तो म्हणाला, "थांबू आपण."

आणि थांबला की.
समोरची खुर्ची रुमालानं पुसली,
तिची वही अपूर्णांकांवर उघडून ठेवली.
पाठीशी बाळं बांधलेल्या आया येऊन गेल्या,
साखर कारखान्यातले बाप
पाळी संपवून आले, सही करून गेले.
लुयांडो काही बोलली नाही.
दोन वर्षांत तिच्या आईसाठी
कुणी खुर्ची पुसली नव्हती.

साडेचार. पाच.
लांब कुठं ऊस पेटवला होता,
त्याची काळी राख खिडकीतून येऊन
वहीवर बसायला लागली.
मास्तर फुंकर मारायचा, पान तेच ठेवायचा.
"बस चुकली असेल का?"
मुलीनं खरंच विचार केला.
"माहीत नाही, सर."

शेवटी हाबीन्झू शिपाई खुर्च्या रचायला आला.
नळाला पाणी नाही, हे सांगावं तशा आवाजात म्हणाला,
"हिची आई लेट आहे, सर.
माझी बायको लेट आहे.
तुमच्याआधीचे गणिताचे सर, तेही लेट."
एस्किलनं मनगटावर गेलेली नजर उचलली
आणि तो हात पाठीमागे नेला.

आपल्याकडे माणसं जातात.
इथं ती निघालेली असतात,
पोचलेली नसतात,
एवढंच.

सोमवारी लुयांडो सात किलोमीटर चालून आली,
बुटांत राख, वीस मिनिटं उशीर.
हजेरीपटात रकाने तीन:
हजर, गैरहजर, लेट.
लाल पेन तिसऱ्यापर्यंत गेलं, अडलं,
आणि समासात उतरलं:
आली. सात वीस.

महिनाअखेर बेरीज जुळेना.
मुटिंटाबाई चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या,
"ही समासातली मुलगी
कुठल्या रकान्यात धरू?"

गणिताच्या मास्तराला
उत्तर द्यायला
बराच वेळ लागला.