मोजा उलटा करून बघ

रेडीजांच्या दुकानात मी मोज्यात हात घालते,
मूठ टाचेपर्यंत नेते, बोटं फाकवते
आणि दाराशी उजेडात धरते.
उजेड जिथून आरपार येतो
तिथून गारठाही येणार.
शेठ म्हणतात, ताई, पापलेटाचे कल्ले बघावे तसं बघताय.
मग? पापलेट एका जेवणाचं.
हा आठ तास पायात राहणार.

मिरजोळ्याच्या कारखान्यात
सकाळी सहालाच फरशी ओली असते,
आणि बर्फ गमबुटाला विचारत नाही
आत कोण आहे.
कोळंबी सोलताना हात हलत राहतात.
पायांना उभं राहण्यापलीकडे काम नसतं,
म्हणून थंडी तिथे जाऊन बसते,
न बोलावल्या पाहुण्यासारखी, अंगठ्याच्या शेजारी.

नफीसा, तू सोमवारपासून येणार म्हणून सांगते.
शंभराला तीन जोड घेऊ नकोस.
मी घेतले होते.
आठवड्यात रबर सैल पडलं,
मोजा टाचेवरून घसरत घसरत तळव्याखाली गोळा झाला
आणि मी दिवसभर एका ओल्या लाडवावर उभी.
बूट काढून मोजा वर ओढायला
सुपरवायझर बाई सुट्टी देत नाही गो.

नुसतं सुती नको, भिजलं की सुकायचं नाव नाही.
नुसतं नायलॉनही नको,
संध्याकाळी रिक्षात शेजारी कोणी बसणार नाही;
कोळंबीच्या वासाची सगळ्यांना सवय आहे, त्या वासाची नाही.
लोकर बघ. ओली झाली तरी थोडी ऊब राखून असते.
टाचेला नि बोटांना वीण दाट हवी,
तिथे थोडं नायलॉन चालेल, झिजतं ते तिथेच.

आता उलटा कर.
बोटांवरची ती शिवण, तिच्यावरून नख फिरव.
अडलं तर ठेवून दे.
इथे नखाला जे अडतं
ते तिसऱ्या तासाला करंगळी सोलतं.

माझा भाऊ विश्राम बोटीवर होता.
कुठल्याशा थंड बंदरातून त्याने एक राखाडी जोड आणला,
सहा वर्षं टिकला.
मग टाच गेली, तेव्हा मी रफू केला,
बाबांनी जाळं विणताना शिकवली होती त्या गाठीने.
पक्की गाठ. सुरमई तोडू शकत नाही.
दुपारपर्यंत मी एका खड्यावर उभी होते.
जाळ्यातली गाठ मासा धरते,
टाचेखाली ती माणसालाच धरते.
रात्री सगळं उसवलं,
चटईसारखा धागा आडवा उभा घातला, शेवट मोकळा सोडला.
लोकर लोकरीला आपसूक चिकटली.
आणखी दोन वर्षं.

वाळत घालशील ते बोटांकडून टांग,
पाण्याचं ओझं रबरावर नको.
आणि आमच्यासारखं वलांडीवर घालू नकोस.
गेल्या मार्गशीर्षात कावळ्याने
अख्खी बोंबलांची रांग सोडून
मधला एक राखाडी मोजा उचलला.
बाबा खळ्यात उभे राहून कितीतरी वेळ हसत होते,
नंतर खोकत.

आज मी दोन जोड घेतले.
शेठनी जोडाला दोनशे चाळीस सांगितले, दोनशे दहाला दिले,
वर म्हणाले, तुमच्याशी घासाघीस करून माझाच मोजा झिजतो.
एक जोड तुझा.
पहिल्या पगाराला पैसे दे. तू विसरलीस तरी मी विसरणार नाही.

आणि तो उरलेला राखाडी
मी अजून डाव्या पायात घालते. उजव्यात निळा.
गमबुटाच्या आत कोण बघतंय?
दोन अंगठे बघतात फक्त,
आणि कामावर असताना
ते एकमेकांशी बोलत नाहीत.