एक्केचाळिसावं नाव

ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत
मृत्यूचं जुनं रजिस्टर, वाळवीनं कडेकडेनं खाल्लेलं.
पान जिथं संपायचं तिथून पुढं
डोमाजी कोतवाल सांगायचे,
मी टाईप करायचे.

"बकाराम. हगवण आली त्या सालातला.
त्याची बायको सीतकुरा, आठ दिवसांनं.
मंग सुकाळूचं पोरगं, नाव ठेवलंच नोतं."
रकाना रिकामा सोडला तर
कॉम्प्युटर पुढं सरकू देत नाही.
मी लिहिलं : पोरगं.

एक्केचाळीस झाले. बाबाजी म्हणाले, चहा.
मी लॅपटॉपचं झाकण लावलं.
झोपलेल्या वासराच्या पोटासारखा
बारका दिवा वर-खाली होत राहिला.

बोडीच्या पाळीवरून परत आलो तेव्हा
लाईन गेलेली,
दिवाही गेलेला.
बॅटरी जुनी. लाईटशिवाय तिचा जीव केवढा!

रात्री लाईन आल्यावर उघडलं.
वाचलेली प्रत सापडली आहे, असं आलं.
त्यात सात नावं. सातवं :
झिंगरू लक्ष्म
आणि पुढं उभी रेघ, लुकलुकणारी.

चौतीस माणसं
पुन्हा मरायची राहिली.

सकाळी बाबाजींना सांगताना माझा आवाज फुटला.
त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा मांडीवर पसरला.
टोकाशी चार गाठी.
"दर दहाले एक मारतो मी.
चाळीस पक्के. काहून रडतेस वो?"

चाळीस आले, त्याच क्रमानं.
बकाराम या वेळी थोडा जास्त खोकला, एवढंच.
एक्केचाळिसावं
आलंच नाही.
बाई होती, एवढं दोघांनाही आठवत होतं.
माझ्याच बोटांनी लिहिलेली.

आता झोपेची वेळ 'कधीच नाही' वर ठेवली आहे.
चहाला जाताना झाकण उघडंच,
आणि दर नावामागं दोन बोटं : कंट्रोल, एस.
"हे टक् कायचं?"
"गाठ, बाबाजी."
"दर एकाले?" ते हसले,
"मंग दुपट्टा पुरत नाही."

रजिस्टर अजून तालुक्याला पाठवलेलं नाही.
एक्केचाळीसच्या ओळीत रेघ लुकलुकते.
बीडीओ साहेबांचा फोन येतो, मी म्हणते, लाईन नाही.

बाबाजी बाजारात दिसले
की दुरूनच मान हलवतात :
नाही. अजून नाही.