जवळची मान

लास वेगासच्या उत्तरेला गॅरेजचं शटर अर्धं वर.
संध्याकाळचे सात, तरी बाहेर डांबर मऊच.
कालेओमामा हॉटेलातल्या चादरी धुऊन आलाय,
हातांना अजून ब्लीचचा वास.

गिटार मांडीवर नाही, चार पायांवर उभी,
इस्त्रीच्या टेबलासारखी.
दोन माना, वीस तारा, खाली पेडलं.
लांबच्या मानेवर त्यानं तीस वर्षं
दुसऱ्यांच्या ट्रकांची, दुसऱ्यांच्या घटस्फोटांची गाणी वाजवली;
त्याच पैशांनी माझे दात सरळ झाले.

आज कपुआमावशी म्हणाली, "हिलोकडचं काहीतरी."

तो डाव्या पायातला बूट काढतो. पेडलं त्याच पायाची.
"ती तुझ्याऐवजी सूर वाकवतात," मला म्हणतो,
"हे हातानंच वाकवायचं."
आणि जवळच्या मानेवर झुकतो.

कांडी तारेला टेकते, दाबत नाही.
पडदे नुसते रंगवलेले, त्यांना कोण विचारतंय!
कांडी तिरकी होते, मनगट थरथरतं,
आणि एक सूर दुसऱ्याकडे निघतो
वाटेतलं एकही घर न टाळता.

मावशी ओठ हलवते. मला ते शब्द येत नाहीत.
हिलो मी एकदाच पाहिलंय, तेही दफनापुरतं.

मग तळहाताच्या कडेनं तो तार अडवतो
आणि घंटेसारखं काहीतरी
शेजाऱ्याच्या एसीच्या घरघरीवर
तरंगत राहतं.

"चुकलं," मामा म्हणतो,
"माझा बाप इथं जरा उशिरा पोचायचा."

कांडी पुन्हा मागे नेतो.
शटरखालून वाळू आत येतेय,
थोडी थोडी.