घेतलेलं परत ठेवणे

रात्रीचे सव्वाबारा. कर्वेनगर.
समोर एका तापमान-सेन्सरचा ड्रायव्हर,
अकरा वर्षांपूर्वी कुणा सुहृद केळापुरेने लिहिलेला.
तो आता कंपनीत नाही. त्याला पाठवलेली मेल परत येते.

नियम साधा आहे.
डिव्हाइस हातात घेतलं की आकडा एकने वाढवायचा,
काम झालं की ठेवून द्यायचं, एकने उतरवायचा.
शून्य झाला की कर्नल ती जागा मोकळी करतो,
लगेच, हळहळ न करता.
शेजारच्या वाटीबद्दल आईने हेच शिकवलं होतं,
फक्त तिची एक अट जास्त होती:
रिकामी देऊ नकोस.

ओळ दोनशे सतरा. केळापुरेने घेतलंय.
पुढे क्लॉक मिळतंय का पाहिलंय,
नाही मिळालं तर तिथूनच माघारी फिरलाय,
ठेवायचं राहून गेलंय.
चांगल्या दिवशी सगळेच वाट्या परत करतात.

मग आकडा चढत जातो. मॉड्यूल काढायला गेलं
की उत्तर येतं: वापरात आहे.
कुणाच्या वापरात? कुणाच्याच नाही.
आमच्या गेटवर पवळेमामांच्या वहीत
शेगडी दुरुस्त करणारा एक माणूस
दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यापासून आतच आहे.
आल्याची वेळ, सही, मोबाइल नंबर.
गेल्याची वेळ कोरी.

दुरुस्ती एका ओळीची. तरी तासभर नुसती बसले.
कारण गेल्या महिन्यात उलटी चूक माझीच होती,
एकदा ठेवलेलं मी पुन्हा ठेवलं.
आकडा वेळेआधी शून्यावर,
जागा दुसऱ्याला गेली,
आणि जुनं कुणीतरी जुनाच पत्ता घेऊन तिथे पोचलं.
पत्ता बरोबरच असतो.
दार उघडणारा वेगळा असतो.

नानांचा नंबर मीच बंद केला.
फेब्रुवारीत, डेक्कनच्या दुकानात,
दाखल्याची झेरॉक्स काउंटरवर सरकवून.
दरमहा एकशे नव्याण्णव कशाला भरायचे, म्हटलं.
धरून ठेवणारं कोण कोण आहे ते मोजलं,
माझ्यापाशी आले एक, आणि ते एक मीच,
म्हणून सोडून दिला.

ऑगस्टात आईने फोन लावला.
तिने मला सांगितलं नव्हतं की ती लावते,
बंद असलेल्याची ती टेप ऐकते आणि ठेवते.
त्या दिवशी रिंग वाजली.
उचलणारे टेमगिरे, चाकणला कंपनीची बस चालवतात.
(तेही ड्रायव्हर. हसू आलं मला,
पण दोन दिवसांनी, ऑफिसच्या जिन्यात.)
तीन वेळा ते म्हणाले, काकू, राँग नंबर.
चौथ्या वेळी म्हणाले, काकू, जेवलात का.

ओळ घातली.
मॉड्यूल पाचशे वेळा चढवलं, पाचशे वेळा उतरवलं,
मुद्दाम क्लॉक हिसकावून घेतलं, वाईट दिवस आणला.
शून्य. शून्य. पुन्हा शून्य.
संदेशात कारण लिहिलं, खाली केळापुरेचं नाव,
त्याच्या मूळ बदलाचा क्रमांक. रीत आहे तशी.
दोष म्हणून नाही, कुठून निघालं ते कळावं म्हणून.
दुसऱ्या चुकीसाठी अशी काही रीत नाही.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले.
ओट्यावर स्टीलचा डबा पालथा,
बुडावर टोचून लिहिलेलं: सौ. टेमगिरे.
दिवाळीच्या आधी त्यातून शेंगदाण्याची पोळी आली होती,
आता संक्रांतही होऊन गेली.
सकाळी विचारलं होतं, यात काय घालून देऊ या?
आई म्हणाली, बघू.
असू दे की अजून थोडे दिवस.