आकडी

जेलरोडला, पिठाच्या गिरणीशेजारी
डॉक्टर खैरनारांचा दवाखाना.
भिंतीपलीकडे कुणाची तरी बाजरी दळली जात होती
आणि अलीकडे, स्टीलच्या टेबलावर,
माझी सुपारी.
पोटाखाली लिंबाएवढी गाठ.

कागदावर सही केली मी.
नोटांच्या प्रेसमध्ये तेहेतीस वर्षं काढली,
न वाचता कशावर सही करत नाही.
ही केली.

सुई गेली. मान कलंडली.
"झोपली," म्हणाला कंपाउंडर पोरगा
आणि त्याच शब्दावर
तिचे चारी पाय पळायला लागले.

आडवी पडून पळत होती.
नखं टेबलावर टिकटिक टिकटिक,
जबडा हवा चावत होता,
डोळे सताड उघडे, पण त्यांत मी नव्हते.

मी मोजायला लागले.
दुसरं काही येतच नाही मला.
सात, आठ. डॉक्टरांनी कुपी फोडली.
पंधरा. पोराने ऑक्सिजनची नळी नाकाशी धरली.
बावीसला
आईचा आवाज आला, चाळीस वर्षांमागून:
कांदा आणा रे, फोडा कांदा,
निवृत्तीला हुंगवा!

आणि मीही ओरडले,
एवढी शिकलेली बाई, पेन्शनर:
"कांदा आहे का कुणाकडे?"

पोराच्या डब्यात होता. भाकरीवरचा, अर्धा.
तो खरंच उठला.
सुईवरची नजर न हलवता डॉक्टर म्हणाले,
"राहू दे, मावशी. कुत्र्याला कांदा विष असतो."

विष.
आमच्या जिल्ह्यात,
जिथे चाळीत कांदा, ट्रॉलीत कांदा,
भाव पडला की रस्त्यावर कांदा.

त्रेपन्नला पाय थांबले.
मागचा एक, उगाच, अजून दोनदा.

निवृत्तीच्या वेळी कुणी मोजलं नव्हतं.
कालव्याच्या कडेला एकटाच होता,
शर्टाच्या खिशात कांदा.
आईच ठेवायची, रोज, न विसरता.
तो भिजलेला कांदा पोलिसांनी
घड्याळासोबत आम्हाला परत दिला.

गाठ तशीच राहिली.
"आज नको," डॉक्टर म्हणाले,
"पुढच्या वेळी भुलीचं औषध बदलू."
संध्याकाळी सुपारी उठली,
भिंतीला धडकली, माझ्यापाशी आली,
हुंगलं, ओळखलं नाही.
पुन्हा हुंगलं.

रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर, जड.
दत्तमंदिर चौकात सिग्नलला हातगाडीवाला ओरडत होता:
शंभराला पाच किलो, शंभराला पाच!
मी तिचं नाक
पदराने झाकलं.